हरकत

रोहा, १४ ऑगस्ट १९९४

प्रिय सारा ताई,

शालोम. तुझं पत्र येऊन महिना झाला. उशीर झाला, कारण कॉलेज सुरू झालं आणि या वर्षी फार्माकॉलॉजीचे दोन्ही वर्ग माझ्याच गळ्यात आले. तू दर पत्रात विचारतेस, "पेणला जाऊन तू नक्की शिकवतोस काय रे?" तर ऐक. औषध पोटात गेल्यावर शरीराचं काय करतं आणि शरीर त्या औषधाचं काय करतं, ते शिकवतो. गोळी गिळल्यापासून पुढची सगळी कहाणी. प्रॅक्टिकलला बेडकाचं हृदय दोऱ्याने तरफेला बांधतो. समोर काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम फिरत असतो, त्यावर एकेक ठोका पांढऱ्या रेघेत उमटतो. परवा ॲड्रेनलिनचा थेंब पडल्यावर रेघ अशी उसळली, की एका मुलीने टाळ्याच वाजवल्या. अशा वेळी वाटतं, देश सोडून दिमोनात येऊन मी काय करू?

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे केमिस्ट्रीला म्हात्रे मॅडम आहेत. सगुणा म्हात्रे, कासूच्या. वडील मिठागरावर होते. ते गेल्यावर आईने, ठमाबाईंनी, डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून हिला एम.फार्म. केलं. धाकटा भाऊ जगन डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे, त्याचंही शिक्षण हिनेच केलं. त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. वय छत्तीस. माझं त्रेचाळीस, ते तुला ठाऊकच आहे.

मी रोह्याला गाडीत बसतो, ती कासूला चढते. चार वर्षं असंच चाललंय. गेल्या आठवड्यात कासूच्या पुढे गाडी थांबून राहिली. मी म्हटलं, "म्हात्रे मॅडम, आपण लग्न करू या का?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर, विचारायला चार वर्षं लावलीत, आणि विचारलंत तेही सिग्नल मिळाला नाही म्हणून."

ताई, हा तिचा होकार आहे. आई-बाबांच्या मागे घरात तूच मोठी. तुझं पत्र आल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही, असं तिलाही सांगितलंय.

तुझा,
एलियाह

*

दिमोना, ९ सप्टेंबर १९९४

प्रिय एलियाह,

शालोम आणि आपल्या नव्या वर्षाचे आशीर्वाद. सण झाला. सगळे जेवायला होते, तुझी खुर्ची तेवढी रिकामी.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलगी चांगली असेल, मी नाही म्हणत नाही. पण अरे, रोह्यात आपली घरं किती उरली? सिनेगॉगला प्रार्थनेपुरते दहा पुरुष जमत नाहीत म्हणून तूच रडतोस. बाबा शेवटी म्हणाले होते, "सारा, याचं आपल्यातलं बघ." मी त्यांना हो म्हटलं होतं. आता कुठल्या तोंडाने दुसरं बोलू? इकडे ये. आमच्या वृद्धाश्रमात मी वीस वर्षं काम करतेय, तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला काम मिळेल. बायकोही मिळेल. चाळिशीच्या, आपल्या, मराठी बोलणाऱ्या दोघी माझ्या डोळ्यासमोर आहेत.

माझं मन होत नाही रे. रागावू नकोस.

तुझी,
सारा

*

रोहा, २ फेब्रुवारी १९९५

प्रिय ताई,

पाऊल टाकणार नाही म्हणालो होतो, टाकलं. रविवारी कासूला त्यांच्या घरी जाऊन आलो.

ठमाबाईंनी तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण वाढलं. जिताडा खवल्यांचा, आपल्याला चालतो, हे सगुणाने आधीच बघून ठेवलं होतं. जेवताना म्हातारीने विचारलं,

"तुमी देव मानता ना?"

"मानतो, मावशी. आमच्यात मूर्ती नसते."

"मंग नमस्कार कोनाला करता?"

"त्यालाच. तो दिसत नाही, एवढंच."

"आमाला तरी कुठं दिसतोय," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी टाकली. निघताना अंगणापर्यंत आली. "गावात बोलतील त्याचं मी बघीन. पर माझी पोर रडली नाय पायजे." मी म्हटलं, नाही रडणार.

परीक्षा झाल्या की मे महिन्यात अलिबागला रजिस्टर लग्न करायचं ठरतंय. तिने तिचा धर्म सोडायचा नाही, मी माझा. तू यावंस असं फार वाटतं. तू आली नाहीस तरी पेढे पाठवीन, मग तू खा किंवा शेजारी वाट.

बाकी ठीक. उजवा खांदा धरलाय, हात जड वाटतो. फळ्यावर लिहून लिहून असेल. मुलं हल्ली मागच्या बाकावरून ओरडतात, "सर, मोठं लिहा!"

तुझा,
एलियाह

*

रोहा, २० जून १९९५

प्रिय ताई,

लग्नाचं ठरलं होतं ते मोडलं. कुणाचा दोष नाही. पुन्हा विचारू नकोस. कॉलेज सुरू झालंय. तब्येत बरी आहे.

एलियाह

*

दिमोना, १६ जुलै १९९५

प्रिय एलियाह,

चार ओळींचं पत्र आलं आणि मला अन्न गोड लागेना. फेब्रुवारीतल्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. हट्ट केला. वाटलं, मी गप्प राहिले की तू थांबशील. तू थांबलास खरा, पण मला त्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, तो काही झाला नाही. हे म्हणतात, "तुझ्या भावाने तुझं ऐकलं, आता का रडतेस?"

ऐक. बाबांना काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगेन. तू त्या मुलीशी लग्न कर. माझा होकार आहे, आशीर्वाद आहे, हवं तर तिच्या आईला मी स्वतः पत्र लिहिते.

आणि अक्षर एवढं बारीक का काढतोस? कागद काय रेशनवर मिळतो? ओळ सुरू होते तेव्हा मुंगीएवढं, संपते तेव्हा मुंगीच्या पायाएवढं. भिंग घेऊन वाचलं.

तुझी,
सारा

*

कासू, ५ ऑगस्ट १९९५

सौ. सारा ताई यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही. रोहेकर सरांनी एकदा पाकिटावरचा पत्ता लिहायला दिला होता, तो लक्षात होता.

सरांनी मे महिन्यात मला सांगितलं, की तुम्ही स्पष्ट नकार कळवलात, हे लग्न झालं तर तुम्ही त्यांचं तोंड पाहणार नाही असं लिहिलंत, आणि आईसारख्या बहिणीला दुखवून त्यांना काही करता येणार नाही. मी वाद घातला नाही. ते तुमच्याबद्दल किती बोलायचे ते मी ऐकलं आहे.

मी तुमची मनधरणी करायला लिहीत नाही. एकच गोष्ट कळावी म्हणून लिहिते. माझ्या आईने गावकीत उभं राहून सांगितलं होतं, "माझी लेक ज्यू माणसाला देतेय, कोनाला काय बोलायचं त्यानं माझ्यासमोर बोला." कुणी बोललं नाही. आता सगळे बोलतात. ती खाली मान घालून ऐकते. माझं जाऊ द्या. पण न पाहिलेल्या माणसाला नाही म्हणताना त्या माणसालाही आई असते, एवढं तुम्हाला वाटायला हवं होतं.

आपली,
सगुणा म्हात्रे

*

दिमोना, २२ ऑगस्ट १९९५

एलियाह,

सगुणाचं पत्र आलं. मी तुझं तोंड पाहणार नाही, असं कधी लिहिलं? मन होत नाही, एवढंच लिहिलं होतं. नंतर गप्प बसले, आणि नंतर होकार दिला. माझ्या तोंडी खोटं घालून तू त्या पोरीला का परत पाठवलंस?

तू सांगणार नाहीस, म्हणून मीच सांगते. आमच्या वृद्धाश्रमात एक आजोबा आहेत. चालताना पाय घासतात, चेहरा लाकडासारखा, हात कापतो. काल कसल्याशा कागदावर त्यांनी सही केली. पहिलं अक्षर बरं होतं, पुढची बारीक होत होत शेवटचं दिसेनासं झालं. मी तिथेच खुर्चीवर बसले. घरी येऊन तुझी पत्रं एका ओळीत मांडली.

तुझा खांदा धरलेला नाही. खरं लिही.

सारा

*

रोहा, ३ ऑक्टोबर १९९५

प्रिय ताई,

तुझं निदान बरोबर आहे. पार्किन्सन.

एप्रिलमध्ये मुंबईला जाऊन दाखवलं. डॉक्टरांनी बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली, दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं. वळताना माझी पावलं अडखळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. "काय करता?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "शिकवतो. फार्माकॉलॉजी." ते थोडा वेळ पेनशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "मग मी तुम्हाला काय सांगू?"

ताई, हा भाग मी बारा वर्षं शिकवतोय. लेव्होडोपा पहिली काही वर्षं छान साथ देते, माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. मग गोळी हात आखडता घेऊ लागते. पुढचंही मला पाठ आहे. बटण, घास, कूस बदलणं, सगळं दुसऱ्याने करायचं.

सगुणाने वडिलांचं दुखणं काढलं, भावाला वाढवलं, आता आईचे गुडघे सांभाळते. तिला पहिल्यांदा स्वतःचं काही मिळणार होतं, आणि ते मी. खरं सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली नसती. म्हणून खोटं सांगितलं. तू लांब आहेस, तिचा राग तुझ्यावर निघाला तर तुला लागणार नाही असं वाटलं. तेही चुकलं.

तिला कळवू नकोस. तुला आईची शपथ.

एलियाह

*

दिमोना, १२ नोव्हेंबर १९९५

प्रिय सगुणा,

शालोम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लागले, कारण मला शपथ घातली होती. ती आज मोडते. आई असती तर तिनेच मोडायला लावली असती.

मी तुला नकार दिला नाही. आधी कुरकूर केली, हे खरं, त्याची माफी मागते. पण जुलैत मी होकार लिहून पाठवला होता. एलियाहला कंपवात आहे, तुम्ही पार्किन्सन म्हणता तो. तुला त्याचं करावं लागू नये म्हणून त्याने माझं नाव पुढे केलं.

आता तू ठरव. तू नाही म्हणालीस तर मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. वीस वर्षं मी हेच काम करते, त्यात काय काय येतं ते मला ठाऊक आहे. पण ठरवायचं तू. त्याने नाही.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

सारा

*

कासू, १५ जानेवारी १९९६

प्रिय सारा ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच रविवारी रोह्याला गेले. सर ओट्यावर बसून शर्टाचं बटण लावत होते. मला बघून हात खाली घेतला.

"ताईने सांगितलं?"

"तुम्ही सांगायला हवं होतं. खांदा धरलाय म्हणून मी तुम्हाला तेल आणून दिलं होतं. ते घेतलंत कसं?"

ते पुन्हा बटणाशी झटू लागले. मी म्हटलं, "मे महिन्यात जे ठरलं होतं ते करू. आई हो म्हणतेय. मी तिला सगळं सांगितलंय."

मग ते बोलू लागले. पहिल्या वर्षांत असं होतं, नंतर तसं होतं, गिळायला त्रास होतो, भास होऊ शकतात. वर्गात सांगतात तसं, एकामागून एक. मी म्हटलं, "मला शिकवू नका. मी विद्यार्थिनी नाही तुमची."

"सगुणा, तुला काय करावं लागेल ते मला माहीत आहे."

"मी विचारलं का, काय करावं लागेल? मी विचारतेय, तुम्हाला मी हवी का?"

ताई, त्यांनी बटण सोडून दिलं. मग म्हणाले, "नको." पुन्हा म्हणाले, "नको. जा तू." आणि उठून आत गेले. उठतानासुद्धा त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मी हात दिला नाही. द्यायला हवा होता, असं आता वाटतं.

घरी आले तर आईने विचारलं, "काय म्हनाला गो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मानूस वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या."

आता मी बायकांच्या डब्यात बसते. तुम्ही खरं सांगितलंत, त्याबद्दल तुमची ऋणी आहे.

सगुणा

*

रोहा, ८ ऑगस्ट १९९७

प्रिय ताई,

अक्षर लागलं नाही तर माफ कर. गोळीचा अंमल आहे तोवर लिहितो.

नोकरी सोडली. कुणी काढलं नाही. प्राचार्य तर म्हणत होते, बसून शिकवा. पण गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकल होतं. बेडकाच्या हृदयाला दोरा बांधायचा होता, आणि गाठ काही बसेना. हृदय ठोके देतंय, माझी बोटं ऐकत नाहीत, सगळी मुलं बघतायत. आमचा लॅबमधला गुणाजी पुढे येऊन म्हणाला, "सर, चहा घेऊन या तुमी." मी हललो नाही. तेवढ्यात शेजारच्या लॅबमधून सगुणा आली. कुणी बोलावलं कोण जाणे. तिने माझ्या हातातून दोरा घेतला, गाठ मारली, ड्रम सुरू केला. रेघ उमटू लागली. ती आली तशी निघून गेली.

दीड वर्ष ती माझ्याशी बोललेली नाही. मीच तसं केलं, मीच तसं मागितलं होतं.

मी येतो. तू म्हणतेस तसं. घर बंद करून किल्ली सिनेगॉगच्या शेजाऱ्यांकडे देतोय.

एलियाह

*

दिमोना, १० मे १९९८

प्रिय सगुणा,

हे पत्र एलियाह सांगतोय आणि मी, सारा, लिहितेय. मधेमधे माझं कंसात येईल, ते तू समजून घे.

सगुणा, मी तुला पत्र लिहावं असा हक्क मला राहिलेला नाही, हे मला कळतं. (अरे, पुढे बोल. हे तिला माहीत आहे.)

ताई सकाळी कामावर जाताना मला बरोबर नेते. तिथे एक मोरोक्कोची म्हातारी रोज नवऱ्याला भरवायला येते. त्याचा आजार माझाच, पण खूप पुढचा. सुरुवातीला मला तिची कीव यायची. वाटायचं, हेच मी सगुणाला टाळलं. मग एक दिवस त्याने सूप तिच्या अंगावर सांडलं. तिने त्याला अशा काही शिव्या घातल्या, की तो हसायला लागला. चेहरा हलत नाही त्याचा, तरी हसला. तीही हसली. मग त्याची मान पुसून पुढचा चमचा भरला.

मी कोण होतो तुझ्या वतीने नको म्हणणारा? (थांबलाय. डोळे पुसतेय त्याचे.)

तू विचारलं होतंस, मी हवी का. मी खोटं बोललो. हवी होतीस. अजूनही आहेस. मी आता कुणाला काही देऊ शकेन असं नाही. उठवावं लागतं, भरवावं लागतं कधी कधी. तरीही विचारतोय. सिग्नलची वाट न बघता.

(सगुणा, इथे तुमचं लग्न लागत नाही, रब्बी लावणार नाहीत. मी विचारून आले. तिकडेच करावं लागेल. तू हो म्हणालीस तर मी त्याला घेऊन येते. नाही म्हणालीस तर उत्तरसुद्धा देऊ नकोस, आम्ही समजून घेऊ.)

एलियाह
(आणि सारा)

*

कासू, ११ जुलै १९९८

रोहेकर सर,

उत्तर द्यायला उशीर केला. मुद्दाम केला. मला राग येऊ द्यायचा होता.

तीन वर्षं गेली. ती तुम्ही एकट्याने खर्चून टाकलीत, माझ्याही वाटणीची. त्यांतल्या पहिल्या दोन वर्षांत तुम्ही चालत होता, बोलत होता, शिकवत होता. तेव्हा आपण अलिबागला समुद्रावर गेलो असतो. आईच्या हातचं जेवलो असतो. भांडलो असतो. ते सगळं तुम्ही मला न विचारता टाकून दिलंत, आणि वर मला वाचवलं असं समजत राहिलात. त्या दिवशी गाठ मारून मी स्टोअरमध्ये गेले आणि बाटल्यांच्या फळीला धरून उभी राहिले. तुम्ही मागून याल असं वाटलं होतं.

आता तुमचा विषयही माझ्याकडे आहे. तुमची जागा भरली नाही. परवा तुमच्याच आजाराची औषधं शिकवायची होती. एका मुलाने विचारलं, "मॅडम, गोळी चालेनाशी झाली की मग काय करायचं?" मी म्हटलं, "मग घरात माणूस लागतं." मुलं लिहून घेऊ लागली. म्हटलं, हे लिहू नका, परीक्षेला येत नाही.

या.

कायदा मी विचारून ठेवलाय. दोघांपैकी एक जिल्ह्यात राहणारा हवा, ती मी आहे. नोटीस कचेरीच्या फळ्यावर महिनाभर लागते. कुणी हरकत घेतली नाही की लग्न. जगनने घराला लागून एक खोली काढलीय. मोरी तिथेच आहे, पायरी नाही.

सगुणा

*

दिमोना, ८ नोव्हेंबर १९९८

प्रिय सगुणा,

नोटिशीचा कागद सही करून पाठवतेय. ही सही करायला त्याला अर्धी सकाळ लागली. मी म्हटलं, अंगठा लाव, तर म्हणाला, "नवरा अंगठेबहाद्दर आहे म्हणतील गावात."

१० जानेवारीचं तिकीट झालंय, त्याचं नि माझं. मी महिनाभर राहीन, तुला सगळं दाखवून मग परत येईन. आमच्या प्रेषित एलियाहू हन्नाबीला नवस बोललेय, तुमचं लग्न झालं की कासूत तुमच्या अंगणात मलीदा करायचा. पोहे तुमच्याकडचेच, नारळ तुमच्याकडचेच. तुझ्या आईला विचार, पोह्यांत गूळ चालेल की साखर.

तो हल्ली हसतो. मुखवट्यासारख्या चेहऱ्यातून हसतो. मला कळतं.

सारा ताई

*

दिमोना, २० डिसेंबर १९९८

सगुणा बाळा,

फोनवर मला धड बोलता आलं नाही. तूही काही बोलली नाहीस. म्हणून लिहिते.

त्या मंगळवारी पहाटे तो एकटाच उठला. मला हाक मारायची असते, ठरलेलं होतं. पण तो हल्ली रोज थोडं चालायचा सराव करत होता. म्हणायचा, विमानातून उतरताना खुर्चीत बसून उतरायचं नाही, ती विमानतळावर येणार आहे. मोरीच्या दाराशी पडला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. पण मग छातीत कफ झाला, आणि गिळता येत नव्हतं. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. नऊ दिवसांनी, गुरुवारी गेला.

शुद्ध होती तोवर तुझंच बोलत होता. नर्सला मराठीत सांगत होता, "बाई, मला लवकर उभं करा, महिना संपत आलाय."

मी त्याला इथेच ठेवलं. रोह्याला आणता आलं नाही. मला क्षमा कर. आता सुतकाचे सात दिवस मी जमिनीवर बसते. लोक येतात, अंडी खायला घालतात, हिब्रूत बोलतात. त्यांतल्या एकालाही तू माहीत नाहीस. मी प्रत्येकाला सांगते, याची बायको भारतात आहे.

तुझी,
सारा ताई

*

कासू, ६ जानेवारी १९९९

प्रिय सारा ताई,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती उठली. नव्या खोलीत जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. जगनने त्या दिवशी शिफ्ट बुडवली. तो भिंतीला धरायला लोखंडी कड्या बसवत होता, त्यांतली एक राहिली होती. तीही त्याने बसवली. मी थांब म्हटलं नाही.

कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, पण कळलं. गुणाजीने लॅब उघडली नाही त्या दिवशी. मुलं बाहेर उभी होती. मग मीच किल्ली घेऊन उघडली आणि तास घेतला.

सोमवारी अलिबागला गेले. रजा आधीच मंजूर करून घेतली होती, लग्नाच्या तयारीसाठी म्हणून. आई म्हणाली, "नको जाव गो. काय ऱ्हायलंय आता तिथं?" पण नोटीस तिथे लागलेली होती. माणूस गेल्यावर ती तशीच ठेवायची, हे मला बरं वाटेना. एवढंच सांगायचं होतं, की ती काढून टाका.

कचेरीच्या व्हरांड्यात फळा आहे. जाळी लावलेली. पाच-सहा नोटिसा होत्या, त्यांत आमची खालून दुसरी. एलियाह हासाजी रोहेकर. सगुणा गुणवंत म्हात्रे. टाइप केलेलं, शिक्का मारलेला. ताई, आमची दोन नावं एकाखाली एक मी त्याआधी कुठेच पाहिली नव्हती. माणसं येत-जात होती. एक बाई शेजारी येऊन उभी राहिली, तिच्या मुलीची नोटीस शोधत होती. मला म्हणाली, "तुमची कुठली?" मी बोट दाखवलं.

आत गेले. कारकून ओळखीचे झाले होते. दोन-तीनदा गेलेच होते ना मी. त्यांनी वर बघितलं आणि हसले.

"म्हात्रे बाई! या, या. महिना झाला तुमचा. कुणाचीच हरकत आली नाही."

मी उभीच होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. "नवरदेव पोचले का? तीन साक्षीदार आणा बरोबर. मोकळा दिवस बघतो. तारीख कधीची देऊ?"

सांगायचं ते सगळं जिभेवर होतं. गाडीत बसून मनात चारदा म्हणून ठेवलं होतं. ते दौत सरकवून कॅलेंडरचं पान उलटत होते.

मी म्हटलं, "त्यांना विचारून सांगते."

ते म्हणाले, "सावकाश. घाई नाही."

मी बाहेर आले. स्टँडवर पेणची गाडी लागली होती. बसले.

तुमची,
सगुणा